हुडिनीच्या स्मृतिवस्तू आणि त्यांचे प्रामाण्य

बेड्या, कुलपे व बंद पेट्या यांतून स्वतःची सुटका करून घेण्याच्या प्रयोगांमुळे विख्यात झालेला जादूगार हॅरी हुडिनी (१८७४–१९२६) आपला जन्म अमेरिकेतील ॲपलटन येथे झाल्याचे सांगत असे. वस्तुतः तो बुडापेस्ट येथे जन्मला व त्याचे मूळ नाव एरिक वाइस हे होते. चरित्रनायकाची स्वतःची साक्षच जेथे अविश्वसनीय ठरते, तेथे अभ्यासकास त्याने मागे ठेवलेल्या वस्तूंकडे व कागदपत्रांकडे वळावे लागते.

परंतु वस्तूही आपण होऊन बोलत नाही. कारखान्यात घडलेल्या एकसारख्या बेड्यांपैकी हुडिनीची कोणती, हे धातूवरून नव्हे, तर ती कोणाकडून कोणाकडे गेली यावरून ठरते. १९१२ साली बर्लिन येथे रंगमंचावर आलेली त्याची जलपेटी या दृष्टीने उद्बोधक आहे. हुडिनीनंतर ती त्याचा बंधू हार्डीन याजकडे, पुढे सिडनी रॅडनर या संग्राहकाकडे आणि २००४ च्या लिलावात डेव्हिड कॉपरफील्ड या जादूगाराकडे गेली. १९९५ च्या आगीत तिची मोठी हानी होऊन ती दुरुस्त करावी लागली. तथापि हस्तांतराची साखळी न तुटल्याने तिची ओळख टिकली.

हुडिनी स्वतःही संग्राहक होता. त्याचा जादूविद्या व प्रेतविद्या यांवरील ग्रंथसंग्रह मृत्युपत्रान्वये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयास मिळाला व तो अभ्यासकांस उपलब्ध झाला. याउलट, लिलावात विखुरलेल्या वस्तूचा पुरावा तिच्याबरोबरच्या पत्रापावत्यांपुरताच उरतो. म्हणून संग्राहकाने बेडीइतकीच तिची पावतीही जपली पाहिजे.