चिमूटभर प्रकाशाचा पराक्रम

आमच्या सोनाळ्याला, सातपुड्याच्या पायथ्याशी, पोरे भिंग धरून वाळला पाला पेटवितात. ऊन तेच, एका ठिपक्यात गोळा झाले की जाळू लागते. मुंबईत कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतही प्रकाश असाच गोळा करतात. मात्र तेथे भिंगाऐवजी आरसा लागतो. का, ते ऐकण्याजोगे आहे.

तेथे 100 टेरावॅट शक्तीचा लेसर आहे. म्हणजे एकावर चौदा शून्ये इतके वॅट! पण वाचकांनी विजेच्या बिलाची धास्ती घेऊ नये. एका स्पंदातली ऊर्जा सुमारे अडीच ज्यूल. पाव किलो गूळ एक मीटर उचलायला तेवढीच लागते. सारी करामत वेळेची. स्पंद टिकतो जेमतेम 25 फेम्टोसेकंद. तेवढ्यात प्रकाशसुद्धा केसाच्या जाडीच्या दहाव्या हिश्शाएवढाच सरकतो.

असा स्पंद बलवान करताना यंत्रच जायबंदी व्हायचे. 1985 साली अमेरिकेत रोचेस्टर येथे डोना स्ट्रिकलंड आणि जेरार मुरू यांनी तोड काढली: स्पंद आधी ताणायचा, मग बळ द्यायचे, शेवटी आवळायचा. 2018 चे नोबेल त्यांना याचसाठी मिळाले.

आवळलेला स्पंद काचेतून नेला, तर दोन संकटे. तीव्र प्रकाशाने काच बिघडते; शिवाय स्पंदात अनेक लांबींचे तरंग असतात, ते काचेत मागेपुढे होऊन स्पंद लांबतो. आरसा प्रकाशाला पोटात न घेता वरच्यावर परतवितो.

हा आरसा ‘अन्वस्त’ आकाराचा. मी भाषेचा मास्तर, म्हणून शब्दाचा खुलासा करतो: तिरका फेकलेला चेंडू हवेत जी कमान काढतो, ती अन्वस्त. त्या वक्राचा बाजूचा तुकडा वापरतात, म्हणजे समोर ठेवलेले लक्ष्य येणाऱ्या किरणांच्या आड येत नाही.

ठिपक्याचा व्यास निम्मा केला, की तीव्रता चौपट. एरवी त्यासाठी चौपट शक्तीचा लेसर बांधावा लागला असता! पण ठिपका लहान हवा, तर आरसा जवळ हवा. आणि जवळच्या आरशावर लक्ष्याच्या ठिकऱ्यांचा लेप बसतो. आरसा किंचित कलला, तरी ठिपका विस्कटतो. म्हणून संशोधकांचा जीव त्या आरशात अडकलेला.

ठिपक्यात पदार्थाचे इलेक्ट्रॉन सुटे होतात, काही प्रकाशाच्या वेगाशी स्पर्धा करतात. ताऱ्यांच्या पोटातली स्थिती टेबलावर क्षणभर अवतरते. अशा लेसरने प्रोटॉनांना वेग देऊन कर्करोगावर मारा करावा, ही जगभरची खटपट अजून प्रयोगशाळेतच आहे. ती रुग्णालयाची पायरी चढेल की नाही, हे पुष्कळसे त्या ठिपक्यावर ठरेल.