व्हिममधून बाहेर कसं पडायचं? दहा लाख वेळा पाहिल्या गेलेल्या प्रश्नाची गोष्ट

कोडिंग शिकायला बसलात. व्हिडिओतला दादा म्हणाला, "आता गिट कमिट लिहा आणि एंटर मारा." त्याचं काम झालं, तो पुढे गेला. तुमच्या स्क्रीनवर मात्र एक भलतंच पान उघडलं. वर इंग्रजीत चार ओळी, खाली डाव्या कडेला नागमोडी चिन्हांची रांग. मेनू नाही, सेव्हचं बटण नाही. टाइप करायला जावं तर अक्षरं उमटत नाहीत, उलट असलेली ओळच गायब होते.

आत्ता तिथेच अडकला असाल तर आधी सुटका करून घ्या. एस्केप दाबा. मग कोलन, क्यू, उद्गारचिन्ह आणि एंटर. कीबोर्ड मराठीवर असेल तर आधी इंग्रजी करा, कारण इनस्क्रिप्टमध्ये क्यू दाबलं की औकाराची मात्रा उमटते आणि व्हिमला ती कळत नाही. संदेश न लिहिता बाहेर पडलात तर गिट ते कमिट रद्द करतं. तुमचा कोड जागेवरच राहतो.

आपल्याला हे जमणारच नाही, असं वाटलं ना? मलाही वाटलं होतं. मी तर सरळ टर्मिनलची खिडकीच बंद करून टाकली होती. पण हा प्रश्न पडणारे आपण एकटे नाही. प्रोग्रामर एकमेकांना शंका विचारतात त्या स्टॅक ओव्हरफ्लोवर 'व्हिममधून बाहेर कसं पडायचं?' हा प्रश्न २०१२ मध्ये विचारला गेला. मे २०१७ मध्ये कंपनीनेच सांगितलं की तो दहा लाखांहून जास्त वेळा पाहिला गेलाय.

मग व्हिम असं विचित्र का? त्यासाठी १९७६ मध्ये जावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात बिल जॉय 'व्हीआय' नावाचा एडिटर लिहीत होता, तेही ३०० बॉडच्या मोडेमवरून. म्हणजे सेकंदाला साधारण ३० अक्षरं. इतक्या संथ लाइनवर मेनू दाखवणं परवडणारच नव्हतं, म्हणून एकेका अक्षराला एकेक काम दिलं गेलं. एक्स दाबलं की अक्षर खोडलं जातं, दोनदा डी दाबलं की अख्खी ओळ जाते. लिहायचं असेल तर आधी आय दाबून लिहिण्याच्या मोडमध्ये जायचं. मघाशी तुमची ओळ गेली ती अशी.

त्याच्या एडीएम-३ए टर्मिनलवर बाणांची वेगळी बटणं नव्हती. बाण एच, जे, के, एल या बटणांवरच छापलेले होते, म्हणून आजही व्हिममध्ये कर्सर याच अक्षरांनी हलतो. आणि एस्केप? ते आज जिथे टॅब आहे तिथे, अगदी बोटाशी होतं. आता ते कोपऱ्यात गेलंय, सवय मात्र तीच मागितली जाते. पुढे १९९१ मध्ये ब्रॅम मोलेनार या डच प्रोग्रामरने व्हीआयच्या धर्तीवर व्हिम आणला.

गंमत म्हणजे, बाहेर कसं पडायचं हे व्हिम स्वतः सांगतो. नुसता उघडला तर स्वागताच्या पानावर मधोमध लिहिलेलं असतं. पण गिट व्हिमला थेट फाइल देऊन उघडतं आणि फाइल असली की ते पान दिसतच नाही. म्हणजे गरज असते नेमकी तेव्हाच सूचना गायब!

माझ्या मते व्हिमपेक्षा मोठी चूक ट्युटोरियल बनवणाऱ्यांची आहे. त्यांनी आपला एडिटर कधीच बदलून ठेवलेला असतो, त्यामुळे नवख्याला काय दिसेल हे त्यांना आठवतच नाही. थोडी चूक आपलीही. विंडोजवर गिट टाकताना कोणता एडिटर हवा हे विचारलं जातं, पण आपण नेक्स्ट-नेक्स्ट करत सुटतो. तिथे नॅनो निवडला तर बाहेर पडायची बटणं सतत खाली दिसत राहतात.

आणि व्हिम शिकायचाच असेल तर टर्मिनलमध्ये 'व्हिमट्युटर' लिहा. साधारण अर्ध्या तासाचा सराव आहे, आणि चांगला आहे. त्यातला पहिला धडा कर्सर हलवण्याचा, दुसरा बाहेर पडण्याचा. फक्त तो सुरू करायला आधी व्हिमच्या बाहेर असावं लागतं.