दुमजली किटलीतला चहा

घरात अंथरुणाला खिळलेलं माणूस असलं की नवरा-बायकोनं एकदम घर सोडायचं नसतं. आमच्या घरी हा नियम २०१९ पासून आहे. सासूबाईंना अर्धांगवायूचा झटका आला तेव्हापासून. त्याच्या आधी, २०१४ साली, आम्ही दोघं दहा दिवस इस्तंबूलला राहून आलो होतो आणि पुन्हा जायचं हे येतानाच ठरलं होतं. ते जाणं काही आता होत नाही. म्हणून महिन्यातून एका रविवारी आम्ही इस्तंबूलची सकाळ घरी मांडतो. त्याला फार काही लागत नाही. निम्मं सामान तर आपल्या फडताळात असतंच.

आधी चहा. तुर्कस्तानात चहा सगळीकडे, सारखा. पण गंमत अशी, की तो तिथे फार जुना नाही. उस्मानी काळात मान कॉफीचा होता आणि ती येमेनहून यायची. पहिल्या महायुद्धानंतर येमेन हातचं गेलं, कॉफी विकत आणायची तर परकीय चलन हवं. मग नव्या प्रजासत्ताकानं काळ्या समुद्राकाठच्या रिझे भागात चहाची लागवड मनावर घेतली. बियाणं आलं शेजारच्या जॉर्जियातल्या बाटुमीहून. १९४७ साली रिझेमध्ये पहिला कारखाना निघाला. आज दरडोई चहा पिण्यात तुर्की माणूस जगात पहिला धरला जातो.

त्यांची किटली दुमजली. खालच्या मोठ्या किटलीत नुसतं पाणी, वरच्या धाकटीत पत्ती. खालचं पाणी उकळलं की त्यातलं थोडं वरच्या पत्तीवर ओतायचं, खाली पुन्हा पाणी भरायचं आणि मंद आचेवर पंधरा-वीस मिनिटं ठेवून द्यायचं. वरची किटली वाफेवर बसलेली असते, त्यामुळे तिच्यातला चहा उकळत नाही, मुरतो. सगळा फरक इथे आहे. मग पेल्यात वरचा अर्क थोडा घ्यायचा आणि खालचं गरम पाणी घालून ज्याला जसा हवा तसा दाट किंवा फिका करायचा. रंग सशाच्या रक्तासारखा हवा, असं तिकडे म्हणतात. दूध अजिबात नाही. पेला कमरेत बारीक आणि काचेचा, रंग दिसायला हवा ना! आपला टपरीवरचा कटिंगचा ग्लास छान चालतो. दुमजली किटली नसली तर उकळत्या पाण्याच्या पातेल्यावर नीट बसेल अशी स्टीलची लहान किटली ठेवा.

पत्ती मात्र रोजची घेऊ नका. आपली दाणेदार सीटीसी पत्ती दुधाला पुरून उरावी म्हणून केलेली असते. वीस मिनिटं मुरवली तर तिचा काढा होतो. निलगिरीचा पानाचा चहा आणा.

न्याहारीला तिकडे ‘काहवाल्ती’ म्हणतात. काहवे म्हणजे कॉफी, आणि शब्दाचा अर्थ कॉफीच्या आधी पोटात घालायचं ते. कॉफी मागे पडली, नाव राहिलं. या न्याहारीतला माझा सगळ्यांत आवडता पदार्थ काइमाक. अफ्योन गावचा नावाजलेला, म्हशीच्या दुधाचा. म्हणजे आपली सायच, पण निगुतीनं धरलेली. म्हशीचं दूध रात्री पसरट भांड्यात अगदी मंद आचेवर तापवायचं, ढवळायचं नाही, झाकायचं नाही, भांडं हलवायचंही नाही. गार झालं की फ्रिजमध्ये. सकाळी जाड साय सुरीनं कापून गुंडाळी करायची आणि वर मध. सासूबाईंना मऊच लागतं. त्यांचं बोलणं आता तुटक आहे, पण दुसऱ्या घासाला तोंड आपणहून उघडतात, त्यावरून कळायचं ते कळतं.

दुसरं म्हणजे ताहिन आणि पेकमेझ. ताहिन म्हणजे वाटलेले तीळ, पेकमेझ म्हणजे आटवलेला द्राक्षांचा रस. दोन्ही एकत्र कालवून पावाला लावतात, विशेषतः थंडीत. हा पातळ तिळगूळच झाला की! पेकमेझच्या जागी काकवी घ्या. कोल्हापूरकडची असली तर बघायलाच नको. तीच काकवी पाण्यात सैल करून पिठाची कडी तिच्यात बुडवायची, तिळात घोळवायची आणि भट्टीत भाजायची, की झालं सिमित.

अंड्यांचा मेनेमेन तुम्हाला शिकवायला नको. टोमॅटो, हिरवी मिरची, अंडी. कांदा घालावा की नाही, यावर २०१८ साली वेदात मिलोर या खाद्यसमीक्षकानं ट्विटरवर मतं मागवली, तर चार लाखांहून जास्त लोकांनी मत दिलं! कांदेवाले थोडक्यात जिंकले. आमच्याकडे मतदान होत नाही, कांदा पडतो. खारवलेल्या चीजच्या जागी मात्र पनीर नको. नाव ‘पेनिर’ असलं तरी ते मिठाच्या पाण्यात मुरलेलं असतं, आपलं पनीर मुळात अळणी. त्यापेक्षा ते वगळलेलं बरं.

आयरान तर दही, पाणी आणि मीठ. जिरं, आलं, कोथिंबीर काही नाही, आणि लोणीही काढलेलं नाही, म्हणून ताकापेक्षा ते अंगानं जड. भरपूर घुसळा, फेस हवा.

घरात दिवे, गालिचे, तिकडची गाणी असला थाट मी करत नाही. ते नाटक वाटतं. तिथून आणण्यासारखी गोष्ट म्हणजे सावकाशी. सुट्टीची न्याहारी तिकडे दोन दोन तास चालते. सासूबाईंची कूस दर दोन तासांनी बदलावी लागते. एकदा बदलली की दुसऱ्या वेळेपर्यंत टेबलावरून उठायचं नाही, असं आम्ही ठरवलंय. एरवी आम्ही दोघं पाळीपाळीनं जेवतो. त्या रविवारी समोरासमोर बसतो. किटली खालून भरत राहायची, पेले लहान, त्यामुळे बोलणं तुटत नाही.

थंडीत संध्याकाळी बोझा करून बघा. आपल्या आंबिलीचा लांबचा नातेवाईक. तिकडे तो बाजरीसारख्या भरड धान्याचा किंवा बुलगूरचा करतात. आपण दलिया घ्यायचा. मऊ शिजवून, वाटून, गाळून त्यात साखर आणि चिमूटभर यीस्ट घालायचं आणि बुडबुडे येईपर्यंत, एक-दोन दिवस, झाकून ठेवायचं. आंबटगोड, चमच्यानं खाण्याइतका दाट होतो. इस्तंबूलच्या वेफा भागात १८७६ पासूनचं बोझाचं दुकान आहे. वर दालचिनीची पूड आणि मूठभर लेबलेबी घालून देतात. लेबलेबी म्हणजे सोललेले फुटाणे. ते आयत्या वेळी घाला, नाहीतर मऊ पडतात.