मोटारीविना स्वित्झर्लंड

सहल कंपनीचा हात सोडून स्वतःच स्वित्झर्लंडला जायचं ठरलं, की घरात पहिला विषय निघतो मोटारीचा. सल्ला देणारा अमेरिकेत राहून आलेला असेल तर तो ठासून सांगतो, ‘विमानतळावरच कार घ्या, नाहीतर अडकून पडाल.’ अमेरिकेच्या बऱ्याच भागांत ते खरंही आहे. स्वित्झर्लंडमध्ये मात्र कारच अडकून पडते. असेच काही समज एकेक करून तपासू.

‘रेल्वे शहरांपुरती, डोंगरात मोटारच हवी.’ ज्या गावांचे फोटो बघून आपण विमानाची तिकिटं काढतो, त्यांतल्या काही गावांत पर्यटकांच्या मोटारींना मज्जावच आहे. मॅटरहॉर्नच्या पायथ्याचं झरमॅट घ्या. कार पाच किलोमीटर अलीकडे, टेशला ठेवावी लागते आणि पुढे रेल्वेने किंवा टॅक्सीने जावं लागतं. वेंगेन आणि म्यूरेनची तीच तऱ्हा. म्हणजे आपण वर हिंडत असताना भाड्याची कार खाली उभी, आणि पार्किंगचं भाडं वेगळं. 3454 मीटर उंचीवरच्या युंगफ्राउयोखला तर 1912 पासून रेल्वे जाते. जिथे रूळ नाहीत तिथे पिवळी पोस्टबस असते. घाटातल्या आंधळ्या वळणांवर ती रोसिनीच्या ‘विल्यम टेल’मधल्या तीन सुरांचा भोंगा वाजवते. तिच्या चालकाचा त्या रस्त्यावर हात बसलेला असतो. आयुष्यभर डावीकडून गाडी चालवून तिथे पहिल्यांदाच उजवीकडून चालवणाऱ्या पुणेकराचं तसं नसतं.

‘गाड्या बदलण्यातच दिवस जाईल.’ ‘दिलवाले दुल्हनिया ले जाएंगे’मध्ये सिमरनची गाडी सुटते आणि त्यावर अर्धा चित्रपट उभा राहतो. प्रत्यक्षात त्या देशात बहुतेक मार्गांवर अर्ध्या किंवा एका तासात पुढची गाडी असते. साधं तिकीट ठरावीक गाडीला बांधलेलं नसतं, त्यामुळे पुढच्या गाडीलाही तेच चालतं. 1982 पासून तिथलं वेळापत्रक ठरावीक अंतराने फिरतं, आणि 2004 च्या डिसेंबरमध्ये ते आणखी घट्ट विणलं गेलं. मोठ्या जंक्शनांवर चारी दिशांच्या गाड्या तासाच्या किंवा अर्ध्या तासाच्या ठोक्याच्या जरा आधी येतात आणि जरा नंतर सुटतात. झ्युरिक ते बर्न हे अंतर तासाच्या आत बसवलं ते याच हिशोबाने. म्हणून बदलाला पाच-सात मिनिटंच दिलेली दिसली तरी घाबरू नये. सावध राहायचं ते वेगळ्याच कारणासाठी. इंटरलाकेन ओस्टहून सुटणारी गाडी त्स्वायल्यूचिनेनला दुभंगते. अर्धे डबे लाउटरब्रुनेनला जातात, अर्धे ग्रिंडेलवाल्डला. आपल्या डब्यावरची पाटी वाचूनच बसावं.

‘स्विस ट्रॅव्हल पास घेतला की सगळं फुकट.’ खर्चाचा सगळ्यात मोठा घोळ इथे होतो. पासवर रेल्वे, बस, तलावातल्या बोटी, शहरांतल्या ट्राम, शेकडो संग्रहालयं आणि रिगीचा डोंगरही येतो. युंगफ्राउयोखला मात्र तो ग्रिंडेलवाल्ड किंवा वेंगेनपर्यंतच. पुढच्या महागड्या टप्प्यावर फक्त 25 टक्के सवलत. याउलट कितीतरी स्वस्त अशा हाफ फेअर कार्डावर तिथेच 50 टक्के मिळतात. रोज नवं शहर गाठणाऱ्याला पास परवडतो. इंटरलाकेनला तळ ठोकून आसपासचे दोन-तीन डोंगर करणाऱ्या कुटुंबाने आधी हाफ फेअर कार्डाचा हिशोब मांडावा. आईवडिलांपैकी कुणाकडे पास असेल तर सोबतच्या पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना मोफत फॅमिली कार्ड मिळतं, हे पुष्कळांना माहीतच नसतं.

‘आरक्षण मिळालं नाही, म्हणजे तो मार्ग हुकला.’ ग्लेशियर एक्सप्रेस आणि बर्निना एक्सप्रेस या मोठ्या काचांच्या गाड्यांना पास असूनही आरक्षणाचे वेगळे पैसे पडतात. पण त्याच रुळांवरून साध्या लोकल गाड्याही धावतात. लांडवासरचा 65 मीटर उंच कमानींचा पूल त्यांतूनही तेवढाच दिसतो. शिवाय काही लोकल गाड्यांच्या खिडक्या उघडतात. फोटो काढणाऱ्याला मी तीच गाडी सुचवेन.

स्थानकांवर सरकती फाटकं नाहीत म्हणून तपासणीही नाही, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. तपासनीस येतो आणि दंड सणसणीत असतो. जड बॅगांची धास्ती असेल तर पैसे भरून त्या एका स्थानकाहून दुसऱ्या स्थानकावर पाठवता येतात.

कार मुळीच घेऊ नये, असंही नाही. ज्युराच्या पठारावरच्या एखाद्या शेतघरात मुक्काम असेल, जिथली शेवटची बस संध्याकाळीच जाते, तर ती जरूर घ्यावी. सोबत गुडघे दुखणारे आजी-आजोबा असतील तरीही घ्यावी. फक्त फुर्का, ग्रिमसेल, सुस्टेन हे उंच घाट हिवाळाभर बर्फामुळे बंद असतात. तेव्हा फुर्काच्या पलीकडे जाणाऱ्या मोटारी रेल्वेच्या वाघिणींवर चढवतात आणि 15 किलोमीटरच्या बोगद्यातून पलीकडे नेऊन उतरवतात.