माणसाची पारख आणि अंगची देणगी

कसालच्या तिठ्यावर मालवणच्या एस.टी.ची वाट पाहत घटकाभर उभे राहिले, की माणसांची पारख कशी होते ते आयतेच ऐकायला मिळते. ‘तो कामाक वाघ, पण चार माणसांत तोंड उघडूचो नाय. तेचो स्वभावच तसो!’ एवढे म्हटले की निकाल लागला. हाच निकाल आता शहरातल्या कचेऱ्यांत संगणकावर लावतात. त्याला व्यक्तिमत्त्व-चाचणी असे भारदस्त नाव आहे.

समजा, आपल्या गावचा एक मुलगा पदवी घेऊन मुंबईला नोकरीसाठी गेला. मुलाखतीआधी त्याच्यापुढे प्रश्नांची लांबलचक यादी आली. अनोळखी माणसांत मिसळायला आवडते का? काम आधी आखून करता, की वेळ येईल तसे? उत्तरे देऊन झाली आणि निकाल आला : उमेदवार अंतर्मुख. रात्री त्याने घरी फोन केला, ‘बाबा, मी माणसांत काम करण्याजोगा नाही असं निघालंय.’ आता बापाने काय सांगावे?

आधी ही चाचणी असते तरी काय, ते पाहू. पहिल्या महायुद्धात अमेरिकेत वुडवर्थ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने सैनिकांसाठी अशी एक प्रश्नावली तयार केली. लढाईच्या ताणाखाली कोण खचेल, हे आधी ओळखण्याचा तो प्रयत्न होता. पुढे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात कॅथरीन ब्रिग्ज आणि तिची मुलगी इझाबेल मायर्स या मायलेकींनी दुसरी चाचणी रचली. पुरुष लढाईवर गेलेले, बायका नव्यानेच कामावर निघालेल्या. कोणाला कोणते काम मानवेल ते कळावे, हा हेतू. युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाच्या १९२१ सालच्या ग्रंथाचा आधार घेऊन त्यांनी स्वभावाच्या चार जोड्या मांडल्या. प्रत्येक जोडीतली एक बाजू निवडायची. म्हणजे दोन दुणे चार, चार दुणे आठ, आठ दुणे सोळा, असे माणसांचे १६ गट झाले.

यात मेख अशी, की पुष्कळशी माणसे कोणत्याच टोकाला नसतात, मध्यावर असतात. बरोबर मध्यावर रेघ ओढली, तर रेघेच्या अलीकडचा आणि पलीकडचा यांत फरक तो किती? म्हणून तीच चाचणी काही आठवड्यांनी पुन्हा दिली, तर बऱ्याच जणांचा गट बदलतो. ही चाचणी नोकरभरतीसाठी वापरू नये, असे ती काढणारी संस्थाच सांगते. आज अभ्यासक गट पाडण्यापेक्षा पाच गुण कमीजास्त किती, हे मोजणे पसंत करतात. त्यांतला कामाला सर्वांत उपयोगी दिसलेला गुण कोणता? नेटकेपणाने, जबाबदारीने काम करण्याचा. तो तर आपल्या आजीलाही ठाऊक होता!

आता एक मौजेची गोष्ट. इझाबेल मायर्सचे पुस्तक १९८० साली निघाले. त्याचे नाव तिने बायबलातून, रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या बाराव्या अध्यायातून घेतले. तिथे पौल म्हणतो, की शरीर एक पण अवयव अनेक, आणि प्रत्येकाला मिळालेली देणगी वेगळी. मत्तयाच्या शुभवर्तमानातही एक दाखला आहे. धनी परगावी जाताना तीन चाकरांकडे ‘तालांत’ ठेवून जातो. एक तालांत म्हणजे मजुराची सुमारे वीस वर्षांची मजुरी. दोघे जण ते वापरून दुप्पट करतात, तिसरा भिऊन जमिनीत पुरून ठेवतो. बोलणी बसतात ती या तिसऱ्याला. अंगच्या गुणाला इंग्रजीत ‘टॅलेंट’ म्हणतात, तो शब्द इथूनच आला.

चाचणी विचारते, तू कसा आहेस? ख्रिस्ती श्रद्धा विचारते, तुला दिलेले तू कोणाच्या उपयोगी पाडलेस? अर्थात चर्चमध्येही ‘तुमची देणगी ओळखा’ अशा प्रश्नावल्या निघाल्या आहेत, आणि कागदी चाचणीचे दोष त्यांतही येतातच.

आपल्याकडचे उदाहरण घ्या. लक्ष्मीबाई टिळकांचा जन्म १८६८ चा. लग्नानंतर नवऱ्याने शिकवले तेव्हा अक्षरओळख झाली. नवरा म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक, त्या वेळच्या रत्नागिरी जिल्ह्यातील करजगावचे. ते १८९५ साली ख्रिस्ती झाले. त्यांनी मराठी चर्चला आपल्या मातीतले अभंग आणि कीर्तन दिले. लक्ष्मीबाईंनी आधी विरोध केला, काही वर्षे वेगळ्या राहिल्या, आणि १९०० साली स्वतः विचार करून बाप्तिस्मा घेतला. टिळक १९१९ साली वारले. त्यांचे अपुरे ‘ख्रिस्तायन’ या बाईंनी पुरे केले, आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’ प्रसिद्ध झाली. विसाव्या वर्षी त्यांच्यापुढे कोणी प्रश्नावली ठेवली असती, तर त्यात लेखिका सापडली असती का?

पंडिता रमाबाईंनीही केडगावच्या मुक्ती सदनात दुष्काळातून आणलेल्या मुलींना कागदावर तपासले नाही. शेती, विणकाम, शिवणकाम, छापखाना अशी कामे हाती दिली. करता करता जिचे तिला कळले. रमाबाईंनी केलेले बायबलचे भाषांतर त्याच छापखान्यात छापले गेले.

शिक्षकबंधूंना २०१६ साली दहावीच्या मुलांची घेतलेली कल चाचणी आठवत असेल. अशा चाचण्या टाकाऊ नाहीत. त्यांनी मुलाशी बोलायला सुरुवात होते. पण शेवट तिथे करू नये. सैन्याचे अधिकारी निवडतानाही मानसशास्त्रीय चाचणीवर भागवत नाहीत. उमेदवारांना गटात कामे देतात, मुलाखत घेतात, आणि त्यात पाच दिवस जातात. अबोल मुलाला वर्गातली एक जबाबदारी द्या, महिनाभर पाहा, मग बोला.

आणि त्या बापाने फोनवर काय सांगावे? मला वाटते, एवढेच सांगावे : ‘बाळा, तू कमी बोलतोस हे खरे. पण आजी आजारी होती तेव्हा तिचे सगळे ऐकून घेणारा तूच होतास. तेही माणसांतलेच काम. उद्या दुसऱ्या ठिकाणी जाऊन ये.’