कुस्ती भरविणारा : मल्लविद्येवरील एका दुर्लक्षित प्रभावाचा विचार

मल्लविद्येसंबंधीच्या विवेचनात मल्ल, त्याचा वस्ताद आणि डावपेच या तिहींचाच विचार प्रामुख्याने केला जातो. कुस्ती घडवून आणणारा चौथा घटक मात्र बहुधा अनुल्लेखित राहतो. कुस्ती कोठे व केव्हा व्हावी, कोणाची जोड कोणाशी लावावी, जिंकणाऱ्यास काय मिळावे आणि लागलेला निकाल कोणाच्या शब्दावर मान्य व्हावा, हे चार प्रश्न मल्ल हौद्यात उतरण्यापूर्वीच सुटलेले असावे लागतात. ते सोडविणाऱ्यास येथे ‘कुस्ती भरविणारा’ असे म्हटले आहे. तो कधी राजा असतो, कधी गावची यात्रा-समिती, कधी तिकिटे विकणारा व्यावसायिक, तर कधी रीतसर स्थापन झालेली परिषद. त्याचे स्वरूप बदलले की कुस्तीचेही स्वरूप बदलते. आणि एखाद्या प्रदेशात मल्ल निपजतात की नाही, हे तेथील मातीपेक्षा या भरविणाऱ्यावर अधिक अवलंबून असते.

या घटकाचे सर्वांत साधे रूप खेड्यातील दंगलीत पाहावयास मिळते. हिंगोली जिल्ह्यातील शिरड शहापूर हे गाव वसमत व औंढा नागनाथ यांच्या दरम्यान वसलेले असून श्री मल्लिनाथाच्या दिगंबर जैन क्षेत्रामुळे ते दूरवर परिचित आहे. ज्या टापूत हे गाव येते, त्या मराठवाड्यात यात्रा आणि कुस्ती यांचे नाते जुने आहे. नांदेड जिल्ह्यातील माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत जनावरांच्या बाजाराइतकीच कुस्त्यांची दंगलही प्रसिद्ध आहे. लहान गावी हाच प्रकार लहान प्रमाणावर होतो. गावकरी वर्गणी काढतात. काही इनामे एखादा सधन गृहस्थ आपल्या नावे लावतो. जाणती मंडळी पंच म्हणून उभी राहतात. हलगीच्या तालावर प्रथम मुलांच्या कुस्त्या रेवड्या, खोबरे किंवा नारळ यांवर लागतात, नंतर रोख रकमेच्या, आणि सर्वांत मोठ्या इनामाची कुस्ती शेवटी राखून ठेवलेली असते.

या व्यवस्थेत पंचांचा अधिकार केवढा मोठा असतो, हे जोड लावताना दिसते. यात्रेत वजनकाटा नसतो. दोन मल्लांना शेजारी उभे करून त्यांची अंगलट पाहावयाची व हाताला हात लावून द्यावयाचा, एवढीच रीत. अनोळखी गावाहून आलेल्या पोरास तोडीची जोड मिळणे, न मिळणे, किंवा थोराड मल्लापुढे उभे राहावे लागणे, हे सर्वस्वी पंचांच्या नजरेवर आणि न्यायबुद्धीवर ठरते. कुस्ती लांबली तर ती बरोबरीत सोडवावयाची की निकाली करावयाची, हेही तेच ठरवितात. सुगी आटोपल्यापासून पावसाळा लागेपर्यंत मल्ल एका यात्रेतून दुसऱ्या यात्रेत जातो व त्याचा लौकिक गावोगावच्या पंचांच्या तोंडून पसरतो.

परंतु ग्रामीण दंगलीची एक मर्यादा स्पष्ट आहे. गाव मल्लाला एक दिवस पोसते. वर्षाचे उरलेले दिवस त्याच्या खुराकाची, वस्तादाची व तालमीची जबाबदारी कोणीही घेत नाही. दूध, तूप, बदाम व मांस यांचा खर्च कोरडवाहू शेतकऱ्याच्या घरास पेलणारा नसतो. म्हणून इनाम कितीही मोठे असले, तरी ते तयार झालेल्या मल्लाच्या हाती जाते. मल्ल तयार करण्याचे सामर्थ्य त्यात नसते. हा भेद लक्षात घेतला म्हणजे कोल्हापूरचे वैशिष्ट्य समजते.

कोल्हापूरचे राजर्षी शाहू छत्रपती (१८७४–१९२२) यांनी १८९४ साली राज्यकारभार हाती घेतला. ते स्वतः मल्लविद्येचे जाणकार होते. त्यांच्या आश्रयाचे मर्म इनामांच्या रकमेत नव्हते. बारमाही व्यवस्थेत होते. तालमींना संस्थानचा आधार मिळाला, मल्लांचा खुराक चालला, आणि पंजाबकडील नामांकित मल्ल कोल्हापुरात येऊन राहू लागले. त्यामुळे दक्षिणेतील मल्लांना उत्तरेकडील डावांशी रोजच्या मेहनतीतच परिचय होऊ लागला. १९०२ साली सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणानिमित्त महाराज युरोपात गेले असता रोम येथील प्राचीन प्रेक्षागार त्यांच्या पाहण्यात आले व त्याच धर्तीवर कोल्हापुरात कुस्तीचे मैदान उभारण्याची कल्पना त्यांनी पुढे साकार केली. १९१२ साली तयार झालेले खासबाग मैदान ते हेच. मध्यभागी हौदा आणि सभोवार चढत गेलेली बैठक अशी रचना असल्याने सुमारे ३० हजार प्रेक्षकांस कुस्ती अडथळ्याविना पाहता येते. यात्रेतील कोंडाळ्यात पुढच्या रांगेपुरतीच दिसणारी कुस्ती येथे सर्वांस सारखी दिसू लागली. निकालाचा साक्षीदार मूठभर पंचांऐवजी संपूर्ण समुदाय झाला, हा त्यातील महत्त्वाचा बदल होय.

जोड लावण्याच्या अधिकाराचा सामाजिक अर्थही महाराजांनी ओळखला होता. अस्पृश्य मानल्या गेलेल्या जातींतील मल्लांना त्यांनी ‘जाट’, ‘सरदार’, ‘पंडित’ अशी उपपदे दिली. नावावरून जात ओळखून जोड नाकारण्याची सोय त्यामुळे उरली नाही. कुस्ती भरविणाऱ्याने मनावर घेतले तर हौद्याचा दरवाजा कोणास उघडतो आणि कोणास बंद राहतो, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

राजाश्रयाहून अगदी भिन्न असा प्रकार त्याच काळात इंग्लंडात रूढ होता. तेथे कुस्ती भरविणारा हा तिकीटविक्रीवर जगणारा व्यावसायिक होता. १९१० साली बेंजामिन नावाच्या अशाच एका व्यावसायिकाने गामा व त्याचा भाऊ इमामबक्ष यांच्यासह काही भारतीय मल्लांना लंडनला नेले. गामाने प्रथम अमेरिकन मल्ल रोलर यास जिंकले. त्यानंतर १० सप्टेंबर १९१० रोजी पोलंडचा झिबिस्को व गामा यांची गाठ पडली. झिबिस्को बहुतेक वेळ गादीस पोट लावून बचावात्मक राहिला व अडीच तासांहून अधिक चाललेली ही कुस्ती अनिर्णित ठरली. आठवड्याने ठरलेल्या फेरलढतीस तो आलाच नाही, आणि ‘जॉन बुल’ पट्टा गामास मिळाला. पुढे १९२८ साली पतियाळाच्या महाराजांनी याच दोघांची कुस्ती पतियाळा येथे भरविली, तेव्हा गामाने एका मिनिटाच्या आत ती निकाली केली. दोन्ही ठिकाणी मल्ल तेच होते. भरविणारा, मैदान आणि अपेक्षा मात्र बदलल्या होत्या.

इंग्लंडातील व्यावसायिक कुस्तीचा पुढील इतिहास या दृष्टीने उद्बोधक आहे. १९५२ साली तेथील प्रमुख व्यावसायिकांनी ‘जॉइंट प्रमोशन्स’ नावाची युती करून प्रदेश आपसांत वाटून घेतले. १९५५ पासून दूरचित्रवाणीवर कुस्त्या दिसू लागल्या व या युतीचे वर्चस्व अधिकच दृढ झाले. युतीबाहेर राहिलेल्या स्वतंत्र व्यावसायिकांपैकी पॉल लिंकन याने काही वर्षे समर्थपणे टक्कर दिली; परंतु १९६६ साली त्याचा व्यवसायही युतीत विलीन झाला. युतीच्या मर्जीतून उतरलेल्या मल्लास स्वतंत्र व्यावसायिकाखेरीज आसरा नव्हता, म्हणूनच अशा एकेका व्यावसायिकाचे महत्त्व त्याच्या व्यवसायाच्या आकाराहून मोठे ठरले. १९८८ साली दूरचित्रवाणीवरील कार्यक्रम बंद पडला. या सर्व काळात तेथील व्यावसायिक कुस्तीचा निकाल आधी ठरविलेला असे. भरविणाऱ्याच्या हाती जोड व इनाम यांच्या जोडीला निकालही आला, म्हणजे कुस्तीचे रूपांतर नाट्यात होते, हा त्यातील बोध. मुंबईच्या प्रेक्षकांसही हा प्रकार अपरिचित नव्हता. किंगकाँग व दारासिंग यांच्या कुस्त्यांना तेथे अफाट गर्दी लोटत असे.

महाराष्ट्रातील मातीच्या कुस्तीने हा मार्ग पत्करला नाही, याचे श्रेय बऱ्याच अंशी राजाश्रयाची जागा घेणाऱ्या संस्थेस द्यावे लागते. संस्थाने विलीन होण्याच्या सुमारास मल्लांपुढे आश्रयाचा प्रश्न उभा राहिला होता. खाशाबा जाधव यांचे उदाहरण या संक्रमणाचे द्योतक आहे. कराडजवळील गोळेश्वरचे हे मल्ल १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकला गेले, ते कोल्हापूरच्या महाराजांच्या साहाय्याने. १९५२ साली हेलसिंकीला जाताना मात्र खर्चाची तोंडमिळवणी लोकवर्गणीतून करावी लागली, आणि राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य खर्डेकर यांनी त्यासाठी आपले घर गहाण ठेवले. स्वतंत्र भारताचे पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक, म्हणजे खाशाबांचे कांस्यपदक, अशा रीतीने प्राप्त झाले. चार वर्षांत आश्रयदाता राजवाड्यातून सामान्यांच्या घरात आला होता. पण दर वेळी एखाद्याने घर गहाण टाकावे, ही काही व्यवस्था नव्हे.

ती व्यवस्था निर्माण करण्याचा प्रयत्न १९५३ साली महाराष्ट्र राज्य कुस्तीगीर परिषदेच्या स्थापनेने झाला. मामासाहेब मोहोळ हे तिच्या उभारणीमागील प्रमुख कार्यकर्ते होत. परिषदेने विखुरलेल्या फडांना एक सूत्र दिले : जिल्ह्यांतून निवड, वजनगट, नेमलेले पंच आणि राज्याचा एकच मानाचा किताब. ‘महाराष्ट्र केसरी’ हा तो किताब १९६१ पासून देण्यात येऊ लागला. त्या पहिल्या वर्षाची स्पर्धा तेव्हाच्या औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरास झाली व दिनकर दह्यारी हे पहिले मानकरी ठरले. मराठवाडा १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता व १९६० साली महाराष्ट्र राज्याचा भाग झाला. राज्यस्थापनेनंतर लवकरच मानाची पहिली स्पर्धा येथे भरली, ही गोष्ट लक्षणीय आहे; मात्र ते स्थळ कोणत्या हेतूने निवडले गेले, हे येथे निश्चितपणे सांगता येत नाही.

तथापि स्पर्धा येणे आणि तालीम रुजणे या भिन्न गोष्टी आहेत. लातूर जिल्ह्यातील हरिश्चंद्र बिराजदार हे १९६९ चे महाराष्ट्र केसरी. पण त्यांची घडण कोल्हापूरच्या गंगावेश तालमीत झाली, आणि पुढे पुण्यात वस्ताद म्हणून त्यांनी अनेक मल्ल तयार केले. बीड जिल्ह्यातील राहुल आवारे यांनी २०१८ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक व २०१९ च्या जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळविले. त्यांचीही मेहनत पुण्यात झाली. मराठवाड्याची माती मल्ल देते, परंतु त्यास घडविण्यासाठी दूर पाठवावे लागते. कोल्हापूरला बारमाही आश्रयाची जी परंपरा शतकापूर्वी लाभली, तिचा येथील अभाव स्पर्धांनी भरून निघालेला नाही.

परिषदेच्या अधिकाराची कसोटी अलीकडे वेगळ्या प्रकारे लागली. संघटनेत फूट पडून २०२३ च्या नोव्हेंबर महिन्यात ‘महाराष्ट्र केसरी’ याच नावाने दोन स्पर्धा झाल्या. एक पुणे जिल्ह्यातील फुलगाव येथे व दुसरी धाराशिव येथे. एका किताबाचे दोन मानकरी झाले. यात मल्लांचा दोष काहीच नव्हता. दोघांनीही कुस्त्या मारूनच गदा मिळविली होती. पण गदेचे मोल तिच्या चांदीत नसून ती देणाऱ्याच्या सर्वमान्यतेत असते, ही गोष्ट या प्रसंगाने उघड केली.

आज भरविणाऱ्यापुढे आणखी एक निर्णय आहे. राज्यस्पर्धेत माती व गादी असे दोन विभाग असून त्यांतील विजेत्यांची गाठ अंतिम कुस्तीत पडते. आंतरराष्ट्रीय स्पर्धा केवळ गादीवर व गुणांवर होतात. यात्रेतील कुस्ती मात्र मातीवर आणि चितपटीवरच लागते. ज्या मुलास गादीवर मेहनत करण्याची सोय नाही, त्यास गावच्या दंगलीतील कौशल्य पुढे अपुरे पडते.

शिरड शहापूरसारख्या गावांच्या दृष्टीने या सर्व इतिहासाचा अर्थ व्यवहारी आहे. गोळा झालेल्या वर्गणीतील किती भाग एका दिवसाच्या शेवटच्या कुस्तीवर उधळावयाचा आणि किती भाग गावच्या तालमीवर, वस्तादाच्या मानधनावर व होतकरू मुलांच्या खुराकावर खर्चावयाचा, हे ठरविण्याचा अधिकार यात्रा-समितीकडेच आहे. नामांकित मल्लास बोलावल्याने फड गाजतो. तालीम चालविल्याने मल्ल निपजतो. शाहू छत्रपतींच्या कार्याचे अनुकरण राजाच्या खजिन्यावाचून करता येणार नाही, असे समजण्याचे कारण नाही. कारण त्यांच्या आश्रयाचा गाभा रकमेत नसून सातत्यात होता, आणि सातत्य हे वर्गणीतूनही साधता येते.