एझ : समुद्रावर टेकलेले गाव

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर नीस आणि मोनाको या दोन शहरांच्या दरम्यान एझ नावाचे एक लहानसे जुने गाव आहे. गाव कसले, खडकाच्या सुळक्याला बिलगून बसलेल्या दगडी घरांचा एक पुंजकाच तो! खाली भूमध्य समुद्र पसरलेला, आणि त्याच्यापासून सुमारे ४२५ मीटर उंचीवर हे गाव. प्रोव्हान्स आणि इटलीच्या किनाऱ्यावर अशी डोंगरमाथ्यावरची मध्ययुगीन गावे पुष्कळ आहेत. पक्षी फांदीवर बसावा तशी ती बसलेली दिसतात, म्हणून फ्रेंच लोक त्यांना ‘बसलेली गावे’ म्हणतात.

आपल्याकडे डोंगरी किल्ल्यांची परंपरा मोठी असल्यामुळे ही कल्पना आपणांस परकी वाटणार नाही. परंतु एक फरक ध्यानात घेतला पाहिजे. आपल्या गडावर बहुधा शिबंदी राहत असे आणि शेतकऱ्यांचे गाव पायथ्याशी असे. एझसारख्या ठिकाणी मात्र नांगर धरणारा माणूसच वर राहत होता. शेत उतारावर, ऑलिव्ह आणि द्राक्षे दगडी बांध घालून केलेल्या पायऱ्या-पायऱ्यांच्या वाफ्यांत, आणि बिऱ्हाड मात्र शिखरावर! रोज खाली उतरायचे, राबायचे आणि ओझे घेऊन पुन्हा चढायचे. हा उपद्व्याप शेकडो वर्षे माणसांनी का सोसला असेल?

या प्रश्नाचे नेहमी दिले जाणारे उत्तर म्हणजे समुद्रावरून येणाऱ्या लुटारूंचे भय. ते खोटे नाही. नवव्या शतकाच्या अखेरीस मुसलमान दर्यावर्दींनी याच किनाऱ्यावर पश्चिमेकडे फ्राक्सिनेट येथे ठाणे वसवले होते. तेथून त्यांच्या स्वाऱ्या आल्प्सपर्यंत जात. इसवी सन ९७३ च्या सुमारास प्रोव्हान्सचा काउंट गियोम याने ते ठाणे मोडले. पुढेही किनारा निर्धास्त नव्हता. १५४३ साली तुर्की आरमार फ्रेंच राजाचे मित्र म्हणून येऊन नीसला वेढा घालून बसले होते.

पण एवढ्याने उलगडा होत नाही. अशी बरीचशी गावे डोंगरावर एकवटली ती दहाव्या ते बाराव्या शतकांत, म्हणजे फ्राक्सिनेटचे भय ओसरू लागल्यावर किंवा ओसरल्यानंतर. पिएर तूबेर या फ्रेंच इतिहासकाराने १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात रोमजवळच्या लॅटियम प्रदेशाचा अभ्यास करून निराळे उत्तर पुढे मांडले. त्याच्या मते विखुरलेल्या कुळांना एका तटबंदीत गोळा करण्याचे काम मुख्यतः जमीनदार सरदारांनी केले. माणसे एका ठिकाणी आली म्हणजे सारा वसूल करणे, न्यायनिवाडा करणे आणि नव्या जमिनी लागवडीखाली आणणे सोपे जाते. हा निष्कर्ष सर्व प्रदेशांना सारखाच लागू पडतो असे नाही, आणि त्यावर इतिहासकारांत पुढे पुष्कळ चर्चा झाली. तरी त्याने प्रश्नाचे रूप बदलले हे खरे. गाव वर गेले ते स्वतःच्या भीतीने की दुसऱ्याच्या हुकमाने? तट शत्रूला बाहेर ठेवतो, तसाच तो रयतेला आतही ठेवतो.

एझची बांधणी पाहताना ही दोन्ही उत्तरे डोळ्यांपुढे ठेवावीत. सर्वांत वर सरदाराचा किल्ला आणि त्याच्या भोवती उतरत गेलेली घरे. कडेच्या घरांच्या मागच्या भिंती हाच गावाचा तट. निराळा कोट बांधण्याचा खर्च वाचला. आत शिरायला चौदाव्या शतकातला एक बुरूजबंद दरवाजा आहे. गल्ल्या अरुंद आणि वळणावळणाच्या. शत्रूला सरळ धाव घेता येऊ नये आणि उन्हाळ्यात सावली, हिवाळ्यात वाऱ्यापासून आडोसा मिळावा, असे दोन्ही हेतू त्यांत साधले. जागा मोजकी, म्हणून घरे आडवी न वाढता उभी वाढली.

१७०६ साली स्पेनच्या वारसाहक्काच्या युद्धात चौदाव्या लुईच्या सैन्याने एझचा किल्ला पाडून टाकला. १८६० साली सार्वमतानंतर नीसबरोबर हा मुलूख सव्हॉयच्या घराण्याकडून फ्रान्सकडे गेला. १८६८ साली किनाऱ्याने रेल्वे मोनाकोपर्यंत पोहोचली. आता उंची हे संरक्षण राहिले नाही. तो निव्वळ त्रास झाला. रस्ता, बाजार, रोजगार सारे खाली. लोकही हळूहळू खाली उतरले.

नेमक्या याच काळात चढून येणारा एक माणूस होता, तो म्हणजे जर्मन तत्त्वज्ञ नीत्शे. १८८३ पासून तो काही हिवाळे नीसमध्ये राहत असे. ‘झरथुष्ट्र’ या ग्रंथाच्या तिसऱ्या भागातील ‘जुन्या आणि नव्या पाट्या’ हे प्रकरण स्टेशनापासून एझपर्यंतची बिकट चढण चढताना सुचले, असे त्याने स्वतःच लिहून ठेवले आहे. ती पाऊलवाट आज त्याच्या नावाने ओळखली जाते. शेतकऱ्याची पाठ मोडणारी तीच चढण, विचारवंताला मात्र ती स्फूर्तिदायक वाटली! ओझे असणे आणि ओझे नसणे यांतला हा फरक आहे.

विसाव्या शतकात पारडे फिरले. डोंगराच्या कमरेवरून जाणारा मोटाररस्ता १९२८ साली पुरा झाला. परदेशी धनिकांनी पडकी घरे घेऊन दुरुस्त केली. १९४९ साली किल्ल्याच्या अवशेषांत निवडुंग आणि घायपात यांची बाग लावण्यात आली. तेथून खालचा समुद्र पाहण्यासाठी जगभरचे प्रवासी येतात. जुनी घरे हॉटेले, चित्रांची दालने आणि दुकाने झाली आहेत.

यावर हळहळणे सोपे आहे. पण प्रवासी आले नसते तर छपरे कोसळली असती, हेही तितकेच खरे. दगड वाचले ते पैशाने. मात्र ज्या जगण्यासाठी ते रचले होते ते जगणे पैशाने परत आले नाही. जेथून शत्रूची गलबते हेरायची, तेथून आज छायाचित्रे घेतात. ‘वारसा जतन केला’ असे म्हणताना आपण यातले नेमके काय जतन केले, हे विचारण्याची सवय इतिहासाच्या विद्यार्थ्याने लावून घ्यावी.

म्हणून आपणांपैकी कोणी कधी तिकडे गेलेच, तर बागेतून समुद्र अवश्य पाहावा; परंतु त्याआधी पाठ फिरवून उतारावरचे ते पायऱ्यांचे जुने वाफे पाहावेत. गाव बांधले सरदाराने असेल, पण पोसले त्या वाफ्यांनी. त्यांच्या मालकांची नावे मात्र कोणत्याच पाऊलवाटेला दिलेली नाहीत.